कांदा ताटात, कॅप्सूल बाजूला

वाचकाचं पत्र: "पत्नीचं वय ४४. स्तनाचा कॅन्सर, हार्मोन पॉझिटिव्ह. ऑपरेशन झालं, लाल औषधाच्या चार केमो झाल्या. आता दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल चालू आहे, बारापैकी पाच झाले. रेडिएशन आणि मग टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या पुढे आहेत. तिचे हातपाय बधिर होतात, ब्लाउजचे हुक लावता येत नाहीत. म्हणते, उरलेले सात मला नकोत. पुण्याच्या आत्यांनी तीन डब्या आणून दिल्या आहेत: क्वेरसेटिन, ग्रीन टीचा अर्क आणि मिरीचा अर्क घातलेली हळद. सोबत एक लेख, की वनस्पतींतले फ्लेव्होनॉइड्स कॅन्सरच्या पेशी मारतात आणि दुष्परिणाम शून्य. आठवडाभर ती हे घेते आहे. डॉक्टर रागावतील म्हणून त्यांना सांगितलेलं नाही. हे घेऊन केमो थांबवली तर चालेल का? निदान दोन्ही बरोबर? आणि कोकमाचं सार तरी प्यावं का? – सांगलीचे एक वाचक"

आधी थेट उत्तर देते. तिन्ही डब्या आजपासून बंद करा. केमो आपल्या मनानं बंद करू नका. आणि पुढच्या डोसच्या आधी, सुई लागण्याच्या आधी, या दोन्ही गोष्टी डॉक्टरांच्या कानावर घाला: डब्यांची आणि हुकांची.

हुकांचं आधी बोलू. पॅक्लिटॅक्सेल पेशीतल्या सूक्ष्म नळ्या घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे कॅन्सरची पेशी दुभंगू शकत नाही. पण मज्जातंतूही आपला माल याच नळ्यांवरून लांबवर पोचवतात. शरीरातले सगळ्यात लांब मज्जातंतू पायाच्या आणि हाताच्या बोटांकडे जातात, म्हणून मुंग्या आणि बधिरपणा तिथून सुरू होतो. या औषधाचा हा अगदी ओळखीचा त्रास आहे आणि त्यावर डॉक्टरांकडे उपाय असतात. डोस कमी करता येतो, मधे एखादा आठवडा सोडता येतो, औषध बदलता येतं, कधी शेवटचे एकदोन डोस रद्दही होतात. पण त्यासाठी त्यांना कळायला हवं. डे-केअरच्या गर्दीत "काही त्रास?" असं विचारलं की आपल्याकडच्या बायका "नाही, ठीक आहे" म्हणून मोकळ्या होतात. "थोड्या मुंग्या येतात" असं म्हणू नका. हुक लागत नाहीत, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही, मोबाइलवर नंबर दाबताना चुकतो, असं जे खरंच होतंय ते तसंच सांगा. डॉक्टर त्रासाची श्रेणी ठरवतात ती यावरूनच. तोवर गरम कढई आणि आंघोळीचं पाणी दुसऱ्या कुणीतरी बघा. बोटांना चटका उशिरा कळतो. या त्रासावर मेडिकलमधून परस्पर गोळ्या मात्र आणू नका. मज्जातंतूंच्या दुखण्यावरच्या काही गोळ्या पुढे टॅमॉक्सिफेनच्या, म्हणजे कॅन्सरपेशीवर हार्मोनचा परिणाम होऊ न देणाऱ्या गोळीच्या, वाटेत येतात.

आता आत्यांचा लेख. त्यातलं पहिलं अर्धं वाक्य खोटं नाही. फ्लेव्होनॉइड्स ही वनस्पतींतल्या रेणूंची मोठी जमात आहे. कांद्यातलं क्वेरसेटिन, चहातली कॅटेचिन्स, मोसंबीतलं हेस्पेरिडिन, सोयाबीनमधलं जेनिस्टीन, जांभळाच्या आणि कोकमाच्या रंगातली अँथोसायनिन्स, सगळी त्यातलीच. (हळदीतलं करक्युमिन या जमातीतलं नाही, पण विकणारे त्याला त्याच टोपलीत टाकतात.) यातल्या बऱ्याच रेणूंनी प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरपेशी मरतात, हेही खरं. असे शोधनिबंध ढिगानं आहेत आणि बहुतेक प्रामाणिक आहेत.

अडचण बशीपासून रक्तापर्यंतच्या प्रवासात आहे. बशीत क्वेरसेटिन घालतात ते साधारण १० ते १०० मायक्रोमोल इतक्या तीव्रतेनं. माणसानं ते खाल्लं की आतड्याची भिंत आणि यकृत त्याच्यावर लगेच साखरआम्लाची नाहीतर सल्फेटची टोपी चढवून त्याला बाहेरच्या वाटेला लावतात. रक्तात मोकळं क्वेरसेटिन जवळजवळ सापडतच नाही. टोप्या घातलेलं धरलं तरी नेहमीच्या जेवणानंतर आकडा एक मायक्रोमोलच्या खालीच राहतो. पेशी मारणारी मात्रा आणि रक्तात पोचणारी मात्रा यांत दहापट ते शंभरपट अंतर आहे. लेखात हा आकडा कुठे असेल तर मला कळवा, मी तरी अशा लेखांत तो क्वचितच पाहिला आहे.

मग थेट शिरेतून दिलं तर? तेही करून झालंय. इंग्लंडमध्ये क्वेरसेटिन शिरेतून देऊन पाहिलेल्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीचा अहवाल १९९६ साली आला. एकदोन रुग्णांत कॅन्सरच्या रक्तात दिसणाऱ्या खुणा उतरल्या, म्हणजे आशेला जागा होती. पण मात्रा वाढवत नेली तेव्हा हात आखडावा लागला तो मूत्रपिंडांना इजा व्हायला लागली म्हणून. "दुष्परिणाम शून्य" हे शब्द खाल्लेल्या कांद्याला लागू पडतात. औषध म्हणून काम करावं इतक्या मात्रेत हाच रेणू दिला की तोही औषधासारखाच वागतो, दुष्परिणामांसकट.

तुमच्या पत्नीला केमो म्हणजे केमिकल आणि डबी म्हणजे झाडपाला असं वाटत असेल, तर त्यांना एक गोष्ट जरूर सांगा. त्यांच्या सलाइनच्या नळीतून जे उतरतंय ते मुळात एका झाडाच्या सालीतलंच आहे. अमेरिकेच्या वायव्य भागातल्या पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल १९६२ साली गोळा केली गेली. नॉर्थ कॅरोलायनात मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी तिच्यातून कामाचा रेणू वेगळा काढला आणि १९७१ साली त्याची रचना छापली. हे वाणी आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली ती १९९२ साली. साल ते सलाइन या तीस वर्षांत माणसं काय करत होती? किती द्यायचं, किती वेळात द्यायचं, कुणाला द्यायचं नाही, हे शोधत होती. हा रेणू पाण्यात विरघळत नाही, म्हणून एरंडेलापासून बनवलेल्या एका द्रवात तो मिसळतात. त्या द्रवानं अंगावर रिॲक्शन येऊ शकते. ड्रिप सुरू होण्याआधी स्टेरॉइड आणि ॲलर्जीचं इंजेक्शन देतात ते त्यासाठी. पत्नींना त्या इंजेक्शननं झोप येत असेल, तर ती या एरंडेलाची कृपा. हा रेणू फ्लेव्होनॉइड नाही, पण वनस्पती आणि केमो यांत आत्यांच्या लेखानं घातलेली भिंत किती पोकळ आहे ते यावरून दिसावं.

आणि खऱ्या फ्लेव्होनॉइडला औषध करायचा प्रयत्न कुणी केलाच नाही असंही नाही. तो आपल्या मुलुंडमध्ये झाला. तिथे हेक्स्ट कंपनीचं संशोधन केंद्र होतं. पश्चिम घाटात वाढणाऱ्या, कडुनिंबाच्याच कुळातल्या डिसॉक्सायलम बायनेक्टरिफेरम या झाडात त्यांना रोहिटुकीन नावाचा रेणू मिळाला. ते काम १९८८ साली छापून आलं. शोध सूज उतरवणाऱ्या औषधाचा चालला होता, कॅन्सरचा नव्हे. मग त्या रेणूत फेरफार करता करता, त्याच्यावर क्लोरीन असलेलं एक कडं बसवून, फ्लॅव्होपिरिडॉल तयार झालं. गंमत बघा, झाडातला मूळ रेणू काटेकोरपणे बघितला तर फ्लेव्होनॉइड नाही. मुलुंडच्या रसायनशास्त्रज्ञांनी कडं जोडलं तेव्हा तो त्या जमातीत आला. म्हणजे कॅन्सरच्या वाटेवर सगळ्यात लांबवर गेलेल्या फ्लेव्होनॉइड्सपैकी हा एक, आणि तो जसाच्या तसा कुठल्याच झाडाला लागत नाही.

पेशीला विभाजनाचा हुकूम देणारे काही एन्झाइम असतात. ते रोखणारं माणसांवर तपासलेलं पहिलं औषध म्हणजे हे. नव्वदच्या दशकात अमेरिकेत चाचण्या सुरू झाल्या आणि सुरुवातीला निकाल अगदीच फिके आले. कारण कळलं ते नंतर. बशीत पेशी वाढवताना वासराचं सीरम वापरतात, आणि त्या सीरममध्ये हे औषध बऱ्यापैकी मोकळं राहतं. माणसाच्या रक्तातली प्रथिनं मात्र त्याला घट्ट चिकटून बसतात, कामासाठी मोकळं फार थोडं उरतं. दोनतीन दिवस संथ ड्रिप लावून ते पुरेसं चढतच नव्हतं. ओहायोतल्या संशोधकांनी वेळापत्रकच बदललं, अर्ध्या तासात एक जोरदार मात्रा आणि पुढचे चार तास ड्रिप. इतर औषधांना दाद न देणाऱ्या एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये त्यांना सुमारे ४५ टक्के रुग्णांत गुण दिसला. तो अहवाल २००७ चा. पण तिथेही नवा पेच. पेशी इतक्या झपाट्यानं मरायच्या की त्यांच्यातलं पोटॅशियम एकदम रक्तात सांडायचं आणि काही रुग्णांना तातडीनं डायलिसिसवर घ्यावं लागायचं. पुढे त्या आजारावर सोप्या गोळ्या आल्या आणि हे औषध मागे पडलं. त्याला अजून बाजारात यायची मंजुरी नाही.

हे सगळं इतकं सविस्तर लिहिलं कारण "शास्त्रज्ञांना माहीत आहे पण कंपन्या दाबून ठेवतात" असंही त्या लेखात असणार. एका बड्या औषधकंपनीनंच हा रेणू उचलला, पुढे वर्षानुवर्षं त्यावर पैसा ओतला गेला, आणि तरीही वासराचं सीरम आणि माणसाचं रक्त यांतल्या फरकावर गाडी अडली. मेडिकलच्या काउंटरवरच्या डबीनं यातला कुठला टप्पा पार केलाय? एकही नाही. अशा पूरक आहारावर आपल्याकडे अन्नाचे नियम लागतात, औषधाचे नाही, आणि 'औषधी वापरासाठी नाही' अशी सूचना लेबलवर छापणं बंधनकारक आहे. भिंग घेऊन बघा. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला तर १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, म्हणून डबीवर तसं काही नसतं. ते काम सोबतचा लेख करतो.

तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो: दोन्ही बरोबर घेतलं तर? फायदा नसला तरी तोटा काय, असं बहुतेक घरांत म्हणतात. तोटा असा होऊ शकतो. यकृतातला जो एन्झाइम पॅक्लिटॅक्सेलला प्रामुख्यानं मोडतो, त्याला परीक्षानळीत क्वेरसेटिन अडवतं. तो एन्झाइम अडला तर औषध रक्तात जास्त वेळ रेंगाळणार, आणि बोटं तर आधीच बधिर आहेत. ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलएवढं क्वेरसेटिन मिळवायला दीडदोन किलो कांदे खावे लागतील, त्यामुळे "कांदाच तर आहे" हा बचाव इथे चालत नाही. ग्रीन टी प्यायला हरकत नाही, पण त्याचा घट्ट केलेला अर्क यकृताला बाधल्याच्या नोंदी बऱ्याच आहेत. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ साली सांगितलं की त्यातलं मुख्य कॅटेचिन दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त पूरक आहारातून घेतलं तर रक्तात यकृताचे एन्झाइम वाढायला लागतात, म्हणजे यकृताला त्रास होत असल्याची खूण दिसते. केमोमध्ये यकृताचे रिपोर्ट बिघडले की डोस पुढे ढकलला जातो, आणि कारण कुणाच्या लक्षातही येत नाही.

हळद-मिरीची डबी टॅमॉक्सिफेन सुरू झाल्यावर आठवणीनं लांब ठेवा. नेदरलँड्समध्ये टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर हे प्रत्यक्ष मोजलेलं आहे. शरीरात टॅमॉक्सिफेनचं जे खरं काम करणारं रूप तयार होतं, ते करक्युमिन आणि मिरीचा अर्क एकत्र घेतल्यावर सुमारे १२ टक्क्यांनी घटलं. मोजक्याच रुग्णांचा अभ्यास होता, घटही प्रचंड नाही, पण ज्या गोळीवर पुढची पाच किंवा दहा वर्षं भिस्त ठेवायची तिच्यात आपल्या हातानं पाणी कशाला घालायचं? बेल्जियमच्या संशोधकांचा १९९९ चा प्रयोग तर याहून बोलका आहे. संत्र्याच्या जातीच्या फळांच्या सालीतलं टँजरेटिन हे फ्लेव्होनॉइड बशीत छान काम करत होतं. स्तनाच्या कॅन्सरच्या गाठी असलेल्या उंदरांना ते टॅमॉक्सिफेनबरोबर पाण्यातून दिलं, तेव्हा टॅमॉक्सिफेनचा गुणच पुसला गेला. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरवरचं बोर्टेझोमिब हे औषध तर ग्रीन टीतल्या त्याच कॅटेचिनला रासायनिकरीत्या चिकटून निकामी होतं, हे २००९ साली दिसलं. त्या औषधाशी तुमच्या घरचा संबंध नाही. हे सदर वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचा असेल म्हणून लिहिलं.

आणि केमो सोडून निव्वळ याच वाटेनं गेलं तर? येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली अमेरिकेतल्या नोंदी तपासल्या. बरा होण्याजोग्या टप्प्यातला कॅन्सर असूनही ज्यांनी फक्त पर्यायी उपचार निवडले, त्यांच्यापैकी स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांत मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या पाचपटींहून जास्त निघाला. तुमच्या पत्नींचं ऑपरेशन आणि चार केमो झाल्या आहेत, तेव्हा हा आकडा त्यांना तसाच्या तसा लावू नका आणि त्यांना घाबरवायला वापरू तर मुळीच नका. उरलेल्या सात डोसांपैकी किती घ्यायचे हा प्रश्न विचारायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. तो डॉक्टरांसमोर विचारावा: "आता थांबले तर माझा धोका कितीनं वाढेल?" चांगला डॉक्टर या प्रश्नाचं उत्तर देतो. रागावण्याचं म्हणाल, तर क्षणभर रागावतीलही. डब्या पिशवीत घालून न्या, टेबलावर ठेवा आणि कधीपासून, रोज किती, एवढं सांगा. ते बहुधा यकृताची तपासणी लिहून देतील. ती पुढच्या डोसच्या आधी करून घ्या.

आत्यांना काय सांगायचं हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रात ते जाणवतं. त्यांनी पदरचे पैसे घालून, पुण्याहून येऊन हे आणलंय, काळजीपोटीच. डब्या त्यांच्या हातात परत देऊ नका, वादही घालू नका. "आत्या, डॉक्टरांनी केमो संपेपर्यंत बाहेरचं सगळं बंद ठेवायला सांगितलंय" एवढं पुरे, आणि ते डॉक्टरांना विचारल्यावर खरंही असेल. मग त्यांना स्वयंपाकघरातलं काम द्या. केमोच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोंडाला चव नसते, तेव्हा आत्यांच्या हातची मऊ मुगाची खिचडी हव्या त्या कॅप्सूलपेक्षा जास्त उपयोगाची.

खाण्यातल्या फ्लेव्होनॉइड्सना माझी काहीच हरकत नाही. कांदा रोज घाला. त्याचं क्वेरसेटिन बाहेरच्या पाकळ्यांत जास्त असतं, तेव्हा सोलताना वरच्या दोन जाड पाकळ्या फेकायची सवय असेल तर ती सोडा. शेवग्याच्या पाल्याची भाजी, मोसंबी, डाळ, भाजीतली नेहमीची चिमूट हळद, सगळं चालेल. सोयाबीनची भीती अनेकींना घातली जाते. जेवणातल्या सोयाबीननं स्तनाचा कॅन्सर परत येतो असं माणसांवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. शांघायच्या पाच हजारांवर रुग्णांच्या पाहणीत तर सोया खाणाऱ्यांचं जरा बरंच चाललं होतं. त्याच्या अर्काच्या गोळ्या मात्र नकोत. काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, खाली असतील त्या दिवसांत कच्ची कोशिंबीर टाळून शिजवलेलं द्या. पपनस आणि ग्रेपफ्रूट उपचार संपेपर्यंत बाजूला ठेवा, कारण त्यांतले काही रेणू आतड्यातल्या औषध मोडणाऱ्या एन्झाइमला दिवसदिवस बंद पाडतात आणि पोटातून घ्यायच्या बऱ्याच गोळ्यांचं गणित बिघडवतात.

कोकमाचं सार खुशाल द्या. पातळ, कोमट, मिरची न घालता, नारळाचं दूध सोसत असेल तर थोडं घालून. फक्त तोंड आलेलं असेल तर ते आंबट झोंबतं. त्या दिवशी ताक-भात द्या आणि सार तोंड बरं झाल्यावर करा.